रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कुणाचं?

"तुझं बरंय बाई. तिकडं दवाखाने कसे चकाचक. एका दिवसात सांगत असतील काय झालंय ते."

मावशीचा हा फोन आला तेव्हा मी शारजातल्या अल नहदामध्ये, एका खरोखरच चकाचक दवाखान्याच्या खाली, गाडीत होते. बसले होते असं म्हणवत नाही, कारण बसता येत नव्हतं. सीट मागे पाडून अर्धी आडवी झाले होते. मांडीवर सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि त्याचा सारांश एका शब्दाचा होता: नॉर्मल. वर डॉक्टरांनी हसत हसत दिलेला सल्ला फुकट: "मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल."

मावशी धारूर तालुक्यातली. तिची गर्भपिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. आज ती त्रेपन्न वर्षांची आहे आणि ओटीपोटात दुखायचं ते अजूनही दुखतंच. म्हणजे बघा, एकीकडे पीएचडी केलेली, विम्याचं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरणारी भाची. दुसरीकडे सातवी शिकलेली, पंधरा-वीस हंगाम ऊस तोडलेली मावशी. भाचीला सांगितलं, "काही नाही." मावशीला सांगितलं, "काढून टाका." दोघींचं दुखणं जिथल्या तिथे. माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे.

(इतक्या खाजगी गोष्टी चारचौघांत कशाला, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एकच विनंती. नाक मुरडायच्या आधी घरातल्या बायकांना विचारून या. मी इथेच आहे.)

आधी व्याख्या उरकून घेऊ. नाभीच्या खाली, ओटीपोटात, मांड्यांच्या सांध्यात, माकडहाडाच्या आसपास सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं म्हणजे ओटीपोटाचं जुनाट दुखणं. ते पाळीच्या वेळी वाढेल किंवा पाळीशी त्याचा काही संबंधही नसेल. कारणंही एक नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलतीकडे वाढतो तो एंडोमेट्रिओसिस, जुना जंतुसंसर्ग, गर्भाशयाचा क्षयरोग, मूत्राशयाचा दाह, आतड्यांची कुरबुर, ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू आखडणं, एखादी नस दबणं. बऱ्याचदा यातली दोन-तीन एकत्र नांदतात. एकट्या एंडोमेट्रिओसिसचा हिशोब जागतिक आरोग्य संघटनेनं मांडलाय: जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रिया, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी. ही काय दुर्मिळ भानगड झाली?

माझं सुरू झालं पंचविशीत, नेदरलँड्सला पीएचडी करत असताना. तिथल्या फॅमिली डॉक्टरांचा एक विनोद तिकडच्या समस्त देशी मंडळींत प्रसिद्ध आहे: पाय मोडला तरी पॅरासिटामॉल. मलाही तेच मिळालं. "पीएचडीचा ताण असेल." सुट्टीत पुण्याला दाखवलं तर, "लग्न झाल्यावर जाईल." लग्न झालं. दुखणं गेलं नाही. शारजाला आले, तर "मूल झाल्यावर जाईल." म्हणजे माझं दुखणं कायम माझ्या आयुष्याच्या पुढच्या स्टेशनावर उतरणार होतं! गर्दीच्या वेळी अल इत्तिहाद रोडवर दुबईच्या दिशेनं गाडी एकेक इंच सरकते, तेव्हा ते आणखी दोन प्रवासी घेऊन माझ्याच शेजारी बसलेलं असायचं.

या मूल होऊ देण्याच्या सल्ल्याबद्दल सांगूनच टाकते. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली एंडोमेट्रिओसिसवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट आहे की केवळ या आजारावर उपाय म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. तरीही चकाचक दवाखान्यात तो दिला जातो. मूल हे औषध आहे का? आणि मूल झाल्यावरही दुखलं, तर ते परत करायची सोय आहे का?

आता थोडं आमच्या धंद्यातलं. माझं काम पंपांचं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत मोठमोठे पंप रात्रंदिवस फिरतात, त्यांच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखता येतो का ते आम्ही बघतो. या क्षेत्रात, आणि विमानांच्या दुरुस्तीत तर फारच, एक नेहमीची डोकेदुखी असते. चालवणारा सांगतो की यंत्र गडबड करतंय. यंत्र काढून चाचणीच्या टेबलावर आणलं की ठणठणीत चालतं. याला 'नो फॉल्ट फाउंड' असं नावच आहे. अशा वेळी नवशिका इंजिनिअर काय म्हणतो? "ऑपरेटरला भास होतोय." आणि मुरलेला इंजिनिअर काय म्हणतो? "तिथे उष्णता होती, भार होता, हादरे होते. टेबलावर यातलं काय आहे? आपण चुकीच्या ठिकाणी, चुकीची गोष्ट मोजतोय." चाचणीत पास याचा अर्थ त्या चाचणीत पास, एवढाच.

साधी सोनोग्राफी गाठी दाखवते, फायब्रॉइड दाखवते. पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके तिला सहसा दिसत नाहीत. आखडलेला स्नायू दिसत नाही. चिडलेली नस दिसत नाही. तेव्हा "सोनोग्राफीत काही आढळलं नाही" हे वाक्य खरं, पण त्याचं पुढच्याच श्वासात "तुम्हाला काही झालेलं नाही" होतं, ते मात्र खोटं. या दोन वाक्यांमधला फरक आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो.

आणि जिथे खरंच काही सापडत नाही, तिथेही दुखणं खोटं ठरत नाही. गाडीचा चोर-अलार्म आठवा. नीट असला तर काच फुटल्यावर वाजतो. बिघडला की मांजर चालत गेली तरी बोंबलतो. काच शाबूत असते, चोर नसतो, पण आवाज खरा असतो आणि सगळी बिल्डिंग जागी होते. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदूतली दुखण्याची यंत्रणा अशीच अतिसंवेदनशील होऊन बसते. शिवाय गर्भाशय, मूत्राशय, आतडं आणि तळाचे स्नायू या सगळ्यांच्या तारा मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पट्ट्यात जाऊन मिळतात. म्हणून एकाची बोंब दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली या प्रकाराला 'नोसिप्लास्टिक' असं स्वतंत्र नाव दिलं. २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना तिनं हेही नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागली यातच सगळं आलं.

आता मावशीकडे वळते, कारण अलार्म बिघडलाय म्हणून गाडीचं इंजिनच काढून टाकायची कथा तिच्याकडे आहे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मुकादम आधी उचल देतो, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. म्हणजे कामाच्या हिशोबात बाई हा अर्धा कोयता. एक दिवस आजारी पडलं तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, राहायला कोपी, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी मिळेल तसं. पाळीत चार दिवस दुखलं तर चार दिवसांचा खाडा कोण भरणार? संसर्ग झाला, पांढरं जायला लागलं, ओटीपोट ठणकायला लागलं, की हंगाम संपल्यावर गावाजवळच्या खासगी दवाखान्यात जायचं. तिथे सोनोग्राफी आणि निकाल: पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल. काढून टाका.

मावशीला हेच सांगितलं होतं. ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली. पुढच्या हंगामात टाके पुरते सुकायच्या आत फडात उभी.

२०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजलं आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहातली एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटाचं देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. (दोन पाहण्यांचे वयोगट अगदी एकसारखे नसतील, पण एवढी दरी त्यानं भरून निघत नाही.) त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार या वयोगटात ज्यांची पिशवी काढली, त्यांचं ऑपरेशनच्या वेळचं मधलं वय चौतीसच्या आसपास येतं. चौतीस! माझ्या वयाच्या बायका.

त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली. केंद्रानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. उत्तम. पण २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं याच ऊसपट्ट्यातली कहाणी पुन्हा पहिल्या पानापासून सांगितली, तेव्हा साखर तीच होती आणि बायकाही त्याच.

आणि हे कुणाला ठाऊकच नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये छापली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी तपासणी-उपचार मिळाले होते फक्त ८ टक्क्यांना. त्या अभ्यासाची जगभर दखल घेतली गेली. आपण काय केलं? गावात डॉक्टर पोचायच्या आधी सर्जन पोचला.

इथे एक प्रतिवाद मला हमखास ऐकवला जातो, आणि तो ऐकवणारे बहुधा डॉक्टर असतात. "अहो, बायका स्वतःच येऊन मागतात. आम्ही नाही म्हटलं तर दुसरीकडे जातात." खरं आहे. मावशीनंही मागितलं होतं. पण ती काय मागत होती ते ऐका. ती दुखणं थांबवा म्हणत होती, खाडा थांबवा म्हणत होती. तिच्यापुढे पर्याय दोनच ठेवले होते: सोसा किंवा काढा. दोनच दारं असलेल्या खोलीत कोंडून, एका दारातून बाहेर पडलेल्या माणसाला "त्यानं स्वतः निवड केली" असं म्हणायचं? मग त्या खोलीची वास्तू कुणी बांधली तेही बोला. कारखान्यानं फडाजवळ संडास का नाही बांधला? प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ का नाही? पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर पाळी एका दिवसात जाते, हाडं आणि हृदय वयाच्या आधी म्हातारी होतात, हे सही घेताना कुणी सांगितलं? आणि मुख्य म्हणजे, दुखणं स्नायूंचं, मूत्राशयाचं किंवा बिघडलेल्या अलार्मचं असेल, तर पिशवी काढून ते जाणार नाही, हे कोण सांगणार होतं?

गैरसमज नको. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन वाईट नाही. कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, मोठे फायब्रॉइड, काही जणींचा हट्टी आजार यांत ते वरदान असतं. माझं म्हणणं एवढंच की ती पायरी शेवटची आहे, आणि आपल्याकडे जिना बांधलेलाच नाही.

परदेशाबद्दलची तुमची समजूतही इथेच दुरुस्त करते. शारजात खासगी नोकरदारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला तोच मुळी १ जानेवारी २०२५ पासून. अबू धाबी-दुबईत तो आधीपासून होता. मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम, आणि त्या पैशांत मिळतं तेवढं मिळतं. माझी पॉलिसी चांगली, कंपनीची. तरीही जेव्हा एका भल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा नीट तपासून "तुमच्या तळाचे स्नायू दगडासारखे झालेत, फिजिओथेरपी घ्या" असं सांगितलं, तेव्हा विमा कंपनीनं मंजुरी नाकारली. कारण? निदानाचा नेमका कोड नव्हता. आणि कोड का नव्हता? कारण सगळे रिपोर्ट नॉर्मल होते! ऑपरेशन असतं तर मंजूर झालं असतं, हे मला फोनवरच्या मुलानं अगदी सहानुभूतीनं सांगितलं. तिकडे मुकादम, इकडे कोड. पाणी दोन्हीकडे चाकूकडेच वाहतं.

मग पदरचे पैसे भरून मी दर आठवड्याला दुबईला जायला लागले. हा जो मधला जिना आहे, तो कसा दिसतो ते सांगते, कारण आपल्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी त्या फिजिओथेरपिस्टनं पाऊण तास नुसतं विचारलं. कुठे, कधी, बसल्यावर की उठल्यावर, लघवी करताना, शौचाला, शरीरसंबंधात, झोप किती. नऊ वर्षांत हे प्रश्न मला कुणी सलग विचारले नव्हते. मग श्वास पोटात घ्यायला शिकवला आणि आखडलेले स्नायू सोडायला. (महत्त्वाचं: सगळे 'आवळायचे' व्यायाम सांगतात. ज्यांचे स्नायू आधीच आवळून बसलेत त्यांनी आणखी आवळले तर दुखणं वाढू शकतं. म्हणून आधी तपासणी.) त्यानंतर एमआरआयमध्ये थोडा एंडोमेट्रिओसिसही दिसला, त्यासाठी हार्मोनची गोळी सुरू झाली. दर चाळीस मिनिटांनी खुर्चीतून उठणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, झोप सांभाळणं, दुखतंय म्हणून हालचाल बंद न करणं आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात घर न झाडणं. मन शांत ठेवायला समुपदेशनही घेतलं. मनाचा उपचार घेतला म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही. मधुमेहाच्या माणसानं चालायला सुरुवात केली म्हणून त्याची साखर काल्पनिक ठरते का?

औषधांबद्दलही डोळे उघडे ठेवा. अशा दुखण्यावर गॅबापेंटिन सर्रास लिहून दिलं जायचं. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर त्याची नीट चाचणी केली, २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: ज्यांच्यात ठळक कारण सापडलेलं नाही त्यांना बनावट गोळीपेक्षा जास्त फायदा नाही, दुष्परिणाम मात्र जास्त. मनात येईल ते लिहून देण्यापेक्षा मोजून बघणं म्हणतात ते हे.

माझं दुखणं गेलं का? नाही. दहापैकी आठ असायचं ते आता बहुतेक दिवस तीनवर असतं. तीनला मी ऑफिसला जाते, भांडते, लेख लिहिते. आठला यातलं काहीच होत नव्हतं. जुनाट दुखण्यात विजय असाच असतो, पाच आकड्यांचा.

पुरुष वाचकहो, तुम्ही सुटलात असं समजू नका. तासन्‌तास बसणाऱ्या पुरुषांनाही हे होतं, आणि त्यांना "प्रोस्टेटला सूज" म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात, बहुतेकांत जंतू सापडत नसतानाही. तुमच्याकडे काढून टाकायला सोपं काही नाही म्हणून तुम्ही वाचलात, इतकंच.

तर करायचं काय? दोन महिने वही ठेवा: कधी, कुठे, किती, काय केल्यावर. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. कुणी "काढून टाका" म्हणालं की तीन प्रश्न विचारा: निदान काय, याआधी कोणते उपाय करून पाहिले, बीजांडकोश ठेवणार का. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. अचानक असह्य दुखलं, ताप आला, पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, वजन घटायला लागलं, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरातल्या पुरुषांनो, सासवांनो, "बायकांचं असतंच" हे वाक्य एकदाचं जाळून टाका.

त्या दिवशी गाडीत मी मावशीला विचारलं, "मावशी, पिशवी काढायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं का, नेमकं कुठं दुखतं?"

"कुठलं बाई. फोटू काढला आन सांगितलं. तू इचारतीस तेच पहिलं."

मग तिनं सांगितलं. अर्धा तास सांगत होती. बसल्यावर दुखतं, लघवी झाल्यावर दुखतं, ओझं उचललं की माकडहाडात कळ जाते. मी मागच्या महिन्यात वहीत लिहिलेलं जणू तीच वाचून दाखवत होती.

दिवाळीला मी येतेय. मावशीला घेऊन अंबाजोगाईला जाणार आहे, सगळे जुने कागद घेऊन. वही मी तिला पाठवली आहे. तिची नात रोज रात्री विचारून लिहून घेते. पहिल्या पानावर पोरीनं शीर्षक दिलंय: आजीचं दुखणं.